गाव उठताना : अकरा माणसांचे घर हलवण्याचा एक प्रकरण अभ्यास

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, त्याच उन्हाळ्यात माझ्या मोठ्या मामांचे लग्न झाले. धरणाच्या बुडीत क्षेत्रात आलेले त्यांचे गाव प्रत्यक्ष उठले तेव्हा त्यांच्या घरात सून आली होती आणि दोन नातवंडे अंगणात खेळत होती. मधली सारी वर्षे त्या घराने ‘आज ना उद्या उठायचेच आहे’ या एका वाक्याखाली काढली. भिंतीला ओल आली तरी गिलावा केला नाही, मयालीला (छपराच्या तुळईला) उधई म्हणजे वाळवी लागली तरी ती बदलली नाही, कारण जे पाण्याखाली जाणार त्यावर खर्च कशाला, हा विचार प्रत्येक वेळी आडवा आला. अखेर घर रिकामे करण्याची मुदत ठरली तेव्हा हातात जेमतेम पाच महिने होते. त्या पाच महिन्यांत काय ठरवले, काय साधले आणि काय चुकले, याची नोंद मी एका शंभर पानी वहीत ठेवत गेलो. मोबदला, भूखंड आणि प्रमाणपत्रे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि लिहिले गेलेच पाहिजे. परंतु शेतकऱ्याचे भरलेले घर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी मांडायचे कसे, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून ही नोंद येथे सविस्तर देत आहे.

घरात माणसे अकरा : आजी, मोठे मामा-मामी, धाकटे मामा-मामी, मोठ्या मामांचा मुलगा व सून, धाकट्या मामांची शाळेत जाणारी दोन मुले आणि दोन नातवंडे. जनावरे म्हणजे दोन बैल, दोन गाई, एक गाभण म्हैस, एक कालवड आणि चार शेळ्या. जुन्या शेतीपैकी पाच एकर बुडीत क्षेत्रात गेली होती, उंचावरची अडीच एकर शिल्लक होती आणि नव्या गावठाणाजवळ मामांनी दोन एकर विकत घेतली होती. जुने गाव ते नवे गावठाण हे अंतर चौदा किलोमीटर. अंतर फारसे नव्हते, आणि बहुतेकांची फसगत नेमकी तेथेच होते. चौदा किलोमीटर म्हणजे बैलबंडीनेही एका दिवसाची वाट, म्हणून विसरलेले मागाहून आणता येईल असे वाटत राहते आणि नियोजन ढिले पडते. जुन्या गावात मागे राहिलेल्या घराचे दार उघडे असते, शेजार उठून गेलेला असतो आणि विसरलेली वस्तू पुन्हा सापडेलच याचा भरवसा नसतो, हे नंतर कळते.

जानेवारीत धानाची मळणी आटोपल्यावर घरात पहिली बैठक झाली. मी वही उघडून सामानाची यादी करायला बसलो होतो. माजघरापासून सुरुवात केली, दोन पाने भरली, आणि मोठ्या मामींनी विचारले, “भाचेबुवा, यादी होत राहील. तिथं पोचल्यावर रातचा भात कोणत्या चुलीवर शिजवायचा, ते आधी सांगा.” त्या एका प्रश्नाने संपूर्ण आराखडा उलटा फिरला. मातीची चूल घालून, लिंपून, नीट वाळायला आठ-दहा दिवस लागतात; ओल्या चुलीवर अकरा माणसांचा स्वयंपाक होत नाही. म्हणजे चूल दहा दिवस आधी घालायला हवी. चूल घालायची तर तिच्यावर छप्पर हवे. छप्पर हवे तर कवेलू (कौले) आणि वासे हवेत, आणि ते तर जुन्या घरावर होते, ज्याच्याखाली आम्ही सारे अजून राहत होतो. माझ्या मते मोठे घर हलवण्याची तयारी सामानाच्या यादीपासून कधीही सुरू करू नये. ती नव्या जागेवरच्या पहिल्या रात्रीपासून मागे मागे मोजत यावी. त्या रात्री काय शिजेल, पाणी कोठून येईल, कोण कोठे निजेल, जनावर कोणत्या खुंट्याला बांधले जाईल आणि म्हातारे माणूस अंधारात उठले तर पायरी कोठे असेल, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की यादी आपोआप तयार होते.

दिवस कोणते निवडावेत

मृगाच्या सात जूनच्या आत स्थिरस्थावर व्हायचे होते, कारण पाऊस पडला की पऱ्हे (धानाची रोपे) टाकायचे आणि महिन्याभरात रोवणीच्या मागे लागायचे. मे महिना मोकळा दिसत असला तरी तो कामाचा नव्हता. एक तर उन्हाचा तडाखा; दुसरे म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून तेंदूपाने तोडण्याचा हंगाम लागतो आणि मजूर मिळत नाहीत; तिसरे म्हणजे लग्नसराईत ट्रॅक्टर वऱ्हाडासाठी आधीच ठरलेले असतात. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा होत्या. या सगळ्यांतून एप्रिलचा दुसरा आठवडा उरला. मुहूर्ताचा प्रश्न आजीने काढला, आणि त्यावर धाकट्या मामांनी जो तोडगा सुचवला तो मला फार शहाणपणाचा वाटला. गुढीपाडव्याला देव, तुळस आणि धान्याचे एक माप नव्या जागी नेऊन पूजा करायची, गुढी तेथेच उभारायची. ओढ, म्हणजे सामानाची वाहतूक, मात्र सोयीच्या दिवशी करायची. मुहूर्त आणि ओढ एकाच दिवशी ठेवली की पूजेचे ताट, पाहुणे आणि ट्रॅक्टरवाला हे तिघेही एकमेकांची वाट पाहत बसतात.

भूखंड जुन्या वाडीपेक्षा पुष्कळ लहान होता. कागदावर तो पुरेसा वाटत होता. फेब्रुवारीत आम्ही तेथे दोर आणि फक्की (पांढरी भुकटी) घेऊन गेलो आणि जमिनीवर खोल्या, सपरी (ओसरी), कोठा (गोठा), तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) ढीग, न्हाणी आणि संडास यांच्या रेघा मारल्या. मग मोठ्या मामी त्या रेघांमधून गुंड (पाण्याचा हंडा) डोक्यावर असल्यासारख्या चालून पाहू लागल्या. स्वयंपाकघरातून न्हाणीकडे, न्हाणीतून कोठ्याकडे. तणसाची जागा चुलीच्या धुराड्याला फार जवळ येते, हे त्यांच्या लक्षात आले आणि ढीग उलट्या कोपऱ्यात गेला. बैलबंडी वळवायला जागा उरत नाही, हेही तेथेच कळले. सामानातले काय न्यायचे आणि काय वाटून टाकायचे, याचा अर्धा निर्णय त्या फक्कीच्या रेघांनी केला.

पाण्याचा हिशेब वेगळा लिहावा लागला. मोठे जनावर उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पिते, म्हणजे सहा जनावरांना जवळपास तीनशे लिटर लागणार होते. माणसांच्या पिण्या-रांधण्याला लागते त्यापेक्षा हे कितीतरी अधिक आहे, आणि नवे घर बांधताना सारे जण माणसांच्या नळाचा विचार करतात, जनावरांच्या पाण्याचा करत नाहीत. बोरिंग दोनशे पावलांवर होती. मामांनी कोठ्याजवळ सिमेंटचे टाके बांधून घेतले आणि ते ओढीच्या आदल्या दिवशी भरून ठेवले.

छपराचा पेच

या प्रकरणातला खरा अवघड भाग छपराचा होता. नव्या भिंती विटांच्या उठल्या होत्या, पण वर घालायचे लाकूड आणि कवेलू जुन्या घराचेच वापरायचे होते. सागाच्या जुन्या मयाली आणि खांब नव्याने विकत घेणे परवडणारे नव्हते आणि तेवढे चांगले लाकूड आता मिळतही नाही. जुने घर उतरवल्याशिवाय नवे झाकले जात नव्हते आणि नवे झाकल्याशिवाय जुने सोडता येत नव्हते. उत्तर असे काढले की घर दोन टप्प्यांत उतरवायचे. मार्चमध्ये आधी कोठा आणि सपरी उतरवली. तेवढ्या लाकडात नव्या जागेचे स्वयंपाकघर आणि लगतची एक खोली झाकली गेली. जनावरांना तीन आठवडे जुन्या अंगणात मांडवाखाली बांधले. माणसे माजघरात राहिली. माणसे नव्या जागी गेल्यावर उरलेले माजघर उतरवायचे, आणि तोवर दोघांनी जुन्या जागी रात्री राखणीला राहायचे, असे ठरले. धाकटे मामा आणि मी सहा रात्री तेथे निजलो. एवढे करूनही लगतच्या पडक्या घरांतून दारे-खिडक्या जाताना आम्ही पाहिल्या. राखण नसती तर आमचीही चौकट गेली असती.

लाकूड उतरवण्याआधी प्रत्येक खांबावर, मयालीवर आणि चौकटीवर गेरूने खूण केली : खोलीचा आकडा, बाजू आणि वरचे टोक. सुताराने आधी यावर वेळ घालवण्यास नाखुशी दाखवली, पण उभारणीच्या वेळी खाचा जुळत गेल्या तेव्हा त्यानेच आणखी गेरू मागवला. उधई लागलेले लाकूड नव्या घरात न नेण्याबाबत मात्र कोणीही भीड ठेवू नये. आजोबांच्या हातची म्हणून एक मयाल नेण्याचा मोह झाला होता. ती टोचून पाहिली तर आत भुसा निघाला. तिचा जो भाग टणक होता त्याचे दोन पाट करून घेतले.

कवेलूंचे काम मी जवळून पाहिले, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. कवेलू उतरवताना माणूस आढ्याकडून खाली येतो, वरची ओळ आधी. एकेक कवेलू हातात घेऊन बोटाच्या गाठीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर त्याला तडा आहे असे समजून बाजूला टाकायचा. प्रत्येक कवेलू उचलण्याआधी काडीने हलवून घ्यायचा, कारण उन्हाळ्यात त्यांच्या पोटात विंचू हमखास असतात. पहिल्याच दिवशी सात निघाले. ट्रॉलीत तळाला वीतभर तणस अंथरायचे आणि कवेलू आडवे रचायचे नाहीत, काठावर उभे, एकमेकांना टेकून, ओळीने लावायचे, दोन ओळींच्या मध्ये पुन्हा तणस. आडव्या रचलेल्या पहिल्या खेपेत तळाचे शंभरावर कवेलू फुटले होते. उभ्या रचलेल्या पुढच्या दोन खेपांत मिळून तीसही फुटले नाहीत. तणस आम्ही मार्चमध्येच हलवायला घेतले होते, कारण त्याचे वजन कमी पण आकार अवाढव्य, आणि तेच गादीसारखे वापरता येत होते. जाणारी प्रत्येक ट्रॉली काही ना काही तणस घेऊनच गेली.

धान्य, कागद आणि एक चूक

बांबूची ढोली (धान्याची कणगी) भरलेली हलवता येत नाही आणि रिकामी हलवली तरी शेणामातीचा लेप तडकतो. आम्ही ढोली सोडून दिली आणि पत्र्याच्या दोन कोठ्या घेतल्या. धान कट्ट्यांत (पोत्यांत) भरून नेला. तांदूळ करून न्यावा की धानच न्यावा, यावर घरात मतभेद होता. धान टरफलात असल्यामुळे टिकतो, तांदळाला लवकर सोंडे लागतात. मात्र नव्या गावठाणात तेव्हा गिरणी नव्हती. म्हणून दोन महिन्यांपुरताच तांदूळ भरडून घेतला आणि बाकी धान तसाच ठेवला. बियाण्याचा धान वेगळ्या कट्ट्यांत, तोंडाला लाल चिंधी बांधून, सगळ्यांत शेवटच्या खेपेत आणि मामांच्या नजरेसमोर गेला. लोणच्याच्या बरण्या धाकट्या मामींनी मांडीवर घेऊन नेल्या. याला दुसरा मार्ग नाही.

कागदांच्या बाबतीत आमच्याकडून चूक झाली आणि ती माझी होती. सातबारा, आठ-अ, घरटॅक्सच्या पावत्या, भूखंडाची ताबापावती, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले आणि प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र हे सारे मी मोठ्या काळजीने एका पत्र्याच्या पेटीत लावले होते. शासकीय नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण असल्यामुळे त्या प्रमाणपत्रावर पुढे एका मुलाचे भवितव्य अवलंबून राहू शकते, म्हणून ते प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घातले होते. पेटी सुरक्षित राहावी म्हणून मी ती पहिल्या खेपेत, ट्रॉलीच्या अगदी तळाशी, धानाच्या कट्ट्यांखाली ठेवली. त्याच पेटीत आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट गेले, हे रात्री साडेनऊला लक्षात आले. त्या अंधारात टॉर्चच्या उजेडात आम्ही चौघांनी बावीस कट्टे उपसले. अशी वस्तू सुरक्षित असणे पुरेसे नसते, ती हाताशी असावी लागते. तेव्हापासून आमच्या नात्यात कोणीही घर हलवले की कागद, औषधे, काडेपेटी, टॉर्च, सुरी, दोरी आणि एका वेळचे पीठमीठ यांचे एक गाठोडे बांधले जाते आणि ते ट्रॉलीत ठेवले जात नाही, घरच्या माणसाच्या खांद्यावर असते.

मजुरीचा भार हलका झाला तो अदलाबदलीमुळे. शेजारचे एक घर आमच्याच महिन्यात उठणार होते. आमच्या ओढीला त्यांची पाच माणसे आली आणि आठवड्याने त्यांच्या ओढीला आमची पाच गेली. दोन्ही घरांनी तारखा आधीच वेगळ्या ठेवल्या म्हणून हे जमले. ज्यांनी शेवटच्या आठवड्यावर भिस्त ठेवली, त्या सगळ्यांना माणसे आणि ट्रॅक्टर एकाच वेळी हवे झाले.

जनावरे आणि आजी

जनावरे वाहनातून न्यायची नाहीत, हे मोठ्या मामांनी पहिल्यापासून धरून ठेवले होते. म्हैस गाभण होती आणि चढवताना-उतरवताना पाय घसरला तर दोन जीव जातील, हा त्यांचा धाक होता. लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी आधीच टोचून घेतल्या, कारण नव्या गावठाणात अनेक गावांची जनावरे एकत्र येणार होती. पहाटे दोन वाजता निघून, वाटेतल्या एका तलावावर पाणी पाजून, ऊन चढण्यापूर्वी सारी जनावरे पोचवली. शेळ्यांना मुलांनी हाकत नेले. पुढचे तीन आठवडे कोणतेही जनावर मोकळे सोडायचे नाही, असा नियम होता.

बाराव्या दिवशी तांबडी गाय सुटली. नातवाने पाणी दाखवण्यासाठी दावे सोडले आणि तो बादली आणायला वळला, एवढाच वेळ. रात्रभर शोध घेतला. सकाळी धाकटे मामा आणि मी जुन्या गावात गेलो. घरावरचे छप्पर तोवर उतरले होते, मातीच्या भिंती कंबरेएवढ्या उरल्या होत्या, अंगणात फुटक्या कवेलूंचा खच होता. कोठ्याच्या जागी, उघड्या आभाळाखाली, तांबडी बसलेली होती. ती कोठेही बसली नव्हती; पूर्वेच्या भिंतीपासून दोन हातांवर, तिच्या खुंट्याचे भोक जेथे अजून दिसत होते, बरोबर तेथे, तोंड भिंतीकडे करून बसली होती. आमची चाहूल लागल्यावर तिने मान वळवली आणि पुन्हा रवंथ करू लागली. मामा तिच्याजवळ बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जुनी, एका बाजूने कुजलेली लाकडी गव्हाण उचलली, जी आम्ही निरुपयोगी म्हणून मागे टाकली होती, आणि मागाहून आलेल्या बंडीत ती टाकून गाईला तिच्या मागे चालवत आणले. नव्या कोठ्यात ती गव्हाण तिच्यापुढे मांडली. त्यानंतर तांबडी गेली नाही.

आजीच्या बाबतीत आम्हाला वाटत होते की काही राहिले नाही. ओढीच्या आधी तिला तीन वेळा नवे घर दाखवले होते. अंगणात बसून तिने कढीपत्त्याचे रोप कोठे लावायचे आणि शेवग्याची फांदी कोठे रोवायची, हे स्वतः सांगितले होते. पण तिन्ही वेळा आम्ही तिला दिवसा नेले. पहिल्याच रात्री ती सवयीने उजव्या हाताला दार समजून उठली आणि भिंतीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आले. जुन्या घरात तिच्या बाजेच्या उजव्या हाताला दाराची चौकट होती आणि गेली पन्नास वर्षे ती अंधारात त्या चौकटीला हात लावून बाहेर पडत होती. सकाळी मोठ्या मामांनी बाज उलटी फिरवली, उशी दुसऱ्या टोकाला गेली आणि दार पुन्हा उजव्या हाताला आले. दाराला जुनीच सागाची चौकट बसवलेली होती. तिच्या आतल्या कडेला हाताने गुळगुळीत झालेला जो भाग होता, तो तिला अंधारात लगेच सापडला.

माजघर उतरवून झाल्यावर उरलेली खोली आणि सपरी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाकली गेली. म्हैस मेच्या अखेरीस सुखरूप व्याली. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा सपरी दोन ठिकाणी गळली, कारण तेथे जुने कवेलू आणि नव्याने घेतलेले कवेलू एकाच ओळीत लागले होते आणि त्यांचा बाक सारखा नव्हता. मामांनी साडेतीनशे जुने कवेलू राखून ठेवले होते. त्यांतले चाळीस वापरून दोन्ही ओळी एकसारख्या केल्या आणि गळती थांबली. दुसऱ्या दिवशी लाल चिंधीचे कट्टे सोडले, बियाणे भिजत घातले आणि नव्या बांधीत (धानाच्या शेतात) पऱ्हे टाकले. उरलेले कवेलू सांदवाडीत (परसात) भिंतीला टेकून, काठावर उभे, ओळीने रचलेले आहेत.